परात वाजवली तेव्हा

१८ जून २०२४

मीना माय, तुझ्या आईचं पत्र हाय. फाडायचं असलं तर वाचून फाड, बातमी चांगली हाय.

राधेश्यामला पोरगी झाली. तू आत्या झालीस. तीन महिन्यांची झाली बी, नाव धनश्री ठेवलं. रंग माझ्यावानी सावळा, नाक वंदनाच्या माहेरचं, अन् केस इतके की परतूरच्या दवाखान्यातली नर्स म्हणली, आजी, हिला वेणी घालूनच घरी न्या. मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी म्हैस व्याली, तर तिच्याकडं मी गेलेच न्हाई, राधेश्याम गेला. माझ्याकडून म्हशीची अशी हयगय कधी झाल्ती का, तूच सांग.

तू म्हणशील एवढ्या वर्षांनी पत्र कामून. तर फोनवर तुला ऐकू येत न्हाई. मोबाइलवर लिव्हायचं म्हणलं तर माझं बोट एका अक्षरावर ठेवलं की तीन उमटतेत. राधेश्याम म्हणतो, ताई माझे मेसेज बघते पण जवाब देत न्हाई. मंग म्हणलं, आपली तिसरी यत्ता मंग काय कामाची. नाशिकचा पत्ता राधेश्यामच्या लग्नातल्या वहीत सापडला. तू लग्नाला आली न्हाईस, पण पत्रिका परत बी आली न्हाई, म्हणजे पत्ता बराबर हाय.

वंदनाला, तुझ्या भावजयीला, तू बघितलंच न्हाईस. बारावी झालेली हाय. गुणाची हाय पण हट्टी. पोरीच्या डोळ्यात काजळ घालू देत न्हाई, अन् कानात तेल तर बिलकुल न्हाई. म्या लसूण टाकून कडवलेलं तेल वाटीत घेऊन गेले, तर तिनं वाटी माझ्या हातातून काढून देवळीत ठेवली. म्हणली, आई, कानात काहीच घालायचं नसतं, आशाताई सांगून गेल्यात. म्हणलं अगं, माझ्या दोन लेकरांच्या कानात म्या ह्येच तेल घातलं. ती म्हणली, दोन? अन् पोरीला घेऊन आत गेली.

तीन म्हणायला पाहिजे होतं. तोंडातून दोन निघालं.

पोरगी हसती लई. आवाज न करता हसती, नुसतं तोंड उघडून. असलं शांत लेकरू आपल्या घरात कुणाचंच नव्हतं.

जावईबापूंना आशीर्वाद सांग. छापखान्यातच हायेत का अजून? त्यांना बी ऐकू येत न्हाई, मशिनीपाशी हात सांभाळा म्हणावं.

आई


३० नोव्हेंबर २०२४

मीना, जवाब आला न्हाई, पण पत्र बी परत आलं न्हाई. मी ह्येच तुझं उत्तर धरून चालले.

धनश्री आठ महिन्यांची झाली. रांगती. मला बघितलं की दोन्ही हात वर करती अन् उचलून घेईपर्यंत खाली करत न्हाई, पोलिसानं धरलेल्या चोरावानी. मला तर दिवस कमी पडून राह्यलेत.

गणपतीत गल्लीतून डीजे गेला. आपल्या भिंतीवरचा आरसा हादऱ्यानं खाली पडला, अन् ही पोरगी झोळीत झोपलेली. सगळे म्हणले काय गुणाची लेक. तुझे चुलते, मच्छिंद्र भावजी, डीजेच्या वरताण ओरडून म्हणले, नशीब काढलं वहिनी. भावजींनी तीस वर्षं परतूरच्या जिनिंगमध्ये मशिनीपाशी काढली. आता त्यांच्याशी भांडल्यावानी बोलल्याशिवाय त्यांना ऐकू जात न्हाई, अन् कुणी तसं म्हणलं तर खवळतेत.

वंदना त्या दिवशी हसली न्हाई. आरसा पडला अन् लेकरू हललं न्हाई, ह्ये तिनं मनात धरलं. तवापासून बघत राह्यली. कुकरची शिट्टी झाली की पोरीकडं बघायची. माघारून हाक मारायची. दोन महिने असं करून शेवटी परवा मला म्हणली, आई, हिला ऐकू येत न्हाई.

मला राग आला. म्हणलं असं अभद्र बोलू नको. अन् रागाच्या भरात म्या माळ्यावरून परात काढली.

परात म्या किती वर्षांनी हातात धरली ते तुला कुणी सांगितलं नसंल. पीठ बी मी ताटात मळते. लोक नावं ठेवतेत, चतुराबाईच्या घरी परात असून पीठ सांडतंय म्हणून. तर पोरीला बाजंवर बसवलं, मागं गेले, परात बाजंच्या कडंला टेकवली अन् उलथन्यानं हाणली. पोरगी गर्रकन वळली. म्हणलं, बघ. उगी लेकराला बट्टा लावून राह्यली.

वंदनानं पोरीला उचलून घेतलं, छातीशी धरून माझ्याकडं पाठ केली अन् म्हणली, आता परात हातात अधांतरी धरा. म्या धरली अन् वाजवली. परत वाजवली. दारातलं कुत्रं उठून पळालं. धनश्री आईच्या मंगळसूत्रातला मणी तोंडात घालत होती.

"तुम्ही बाज हलवली, आई," वंदना म्हणली. "तिला आवाज न्हाई आला. हादरा आला."

म्या परात खाली ठेवली, वाजू न देता.

मीना, तू त्या दिवशी ओसरीच्या फरशीवर बसल्तीस ना? मला तेच दिसून राह्यलंय.

अजून एक. दुपारी घर गप झालं की माझ्या उजव्या कानात बारीक आवाज होतो. दोन वर्षं झाली. आधी वाटलं रेडकू वरडतंय. मंग वाटलं लेकरू रडतंय. मी उठून मागं हौदाकडं जाऊन येते. हौद तुझ्या बापानं कवाच बुजवला, तिथं आता शेवगा हाय. तरी जाऊन येते.

थंडी पडलीय. डोक्याला बांधत जा.

आई


१७ जानेवारी २०२५

मीना, आज लई लिव्हायचंय, पानं पुरणार न्हाईत.

आम्ही संभाजीनगरला जाऊन आलो. पहाटं जीपनं परतूर, मंग रेल्वे. जीपमध्ये जांब समर्थला जाणाऱ्या बाया भरलेल्या, त्यांनी धनश्रीला मांडीवरून मांडीवर नेलं, सगळ्यांकडं हसली, एक बी रडणं न्हाई. बायांपैकी कुणालाच काही कळलं न्हाई. मला बी आठ महिने कळलं नव्हतं, त्यांना काय बोल लावू.

दवाखान्यात कानाच्या मॅडम होत्या. तरण्या, चष्मा असलेल्या, बोलताना आपल्या तोंडाकडं बघणाऱ्या. त्यांनी पोरीला झोपवून डोक्याला तारा लावल्या अन् यंत्रावर लांबपर्यंत बघत बसल्या. मंग म्हणल्या, जन्मापासूनच दोन्ही कानांनी लई कमी हाय. वंदनानं विचारलं, आम्हाला उशीर झाला का? मॅडम म्हणल्या, जन्मल्याबरोबर तपासणी झाली असती तर अजून बरं झालं असतं, पण वर्षाच्या आत आलात. काही लोक पाच वर्षं वाट बघत बसतेत, बाप बी उशिरा बोलला होता म्हणून. आता कानामागं घालायच्या मशिनी दिल्यात. काही महिने बघायचं, त्यानं भागलं न्हाई तर कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन. ते जितकं लहानपणी होईल तितकं बोलणं चांगलं येतं म्हणे.

मॅडमनं विचारलं, घरात अजून कुणाला कमी ऐकू येतं? राधेश्याम म्हणला, माझ्या ताईला. कसं झालं विचारलं, तर त्याला काय ठाऊक. मला सांगावं लागलं की तिचा कान चौथ्या वर्षापासून वाहत होता. मॅडम म्हणल्या, मंग ते वेगळं, त्याचा अन् ह्या लेकराचा संबंध न्हाई. तुझ्यावरनं आलेलं न्हाई, मीना. हे मी मुद्दाम लिव्हून ठेवते.

आता आनंदाचं ऐक. मशिनी बसवल्यावर मॅडम म्हणल्या, आजी, तुम्ही बोला. मला जन्मात पहिल्यांदा काय बोलावं सुचलं न्हाई. म्हणलं, धना, ए धना, म्हशीला वैरण कोण घालणार माय? पोरीचं हलणं थांबलं. डोळे मोठे केले. माझ्या तोंडाकडं बघितलं, छताकडं बघितलं, परत माझ्याकडं. मंग खालचा ओठ बाहेर काढून रडायला लागली, अन् स्वतःच्याच रडण्यानं दचकून गप झाली. वंदना भिंतीकडं तोंड करून रडली. राधेश्याम बाहेर निघून गेला. मी बोलतच राह्यले. म्हशीचं, जीपमधल्या बायांचं, काय येईल ते.

मॅडमनं मला औषध सांगितलं: दिवसभर ह्या लेकराशी बोलत राहा, करता ते काम सांगत राहा. तुझा बाप सारी हयात मला गप बस म्हणला, अन् आता सरकारी कागदावर लिव्हून मिळालं की हिनं गप बसू नये. मी वंदनाला म्हणलं, तो कागद चौकटीत घालून लाव.

निघताना मी एकटीच मागं राह्यले अन् मॅडमला विचारलं, परात वाजवली अन् लेकरू वळलं, तर ऐकू येतं असंच ना? मॅडम म्हणल्या, तसं न्हाई आजी. कान म्हणजे एक तर चालू न्हाई तर बंद, असं नसतं. ज्याचा कान वर्षानुवर्षं वाहतो, पडद्याला भोक पडलंय, त्याला बी जवळची परात ऐकू येईल. समोर तोंड बघून तो जवाब बी देईल. म्हणून घरच्यांना वाटतं, हा ऐकून न ऐकल्यावानी करतो.

म्या विचारलं, अन् दहा पावलांवर लेकरू एकदाच ओरडलं तर?

मॅडमनं माझ्याकडं जरा बघितलं. "तो पाठमोरा असेल तर नाही, आजी."

मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले. राधेश्याम म्हणला, चल आई, गाडी जाईल. मला त्याचे ओठ दिसले, बोलणं मागून आलं.

आई


९ मार्च २०२५

मीना, धनश्री आता "बा" म्हणती. म्हशीला बा, मला बा, चंद्राला बा. मशिनी काढून फेकायची, वंदनानं टोपीला दोरी शिवून बांधल्या. मी दिवसभर बोलते. वंदना म्हणती, आई, धनश्री झोपलीय, आता तुम्ही कुणाशी बोलून राह्यल्यात?

खरं सांगायचं तर तुझ्याशी.

मी पप्पूचं आजवर तोंडानं काढलं न्हाई. तू मला एकदाच विचारलंस, तेबी तुझ्या बापाच्या मातीला आल्तीस तवा. त्याला आता अकरा वर्षं झाली. आज लिव्हते. तुला सगळं ठाऊक हाय, पण माझ्या बाजूनं तू ऐकलेलं न्हाई.

तू नऊ वर्षांची होतीस, पप्पू दोन वर्षांचा. राधेश्याम तवा जन्मला बी नव्हता. चैत्राचे दिवस, गव्हाचं खळं चालू होतं. म्या पप्पूला तुझ्यापाशी ठेवलं. तू घरामागं विहिरीजवळ चिंचा फोडत बसल्तीस, पाठ हौदाकडं. तुझ्या समोर येऊन म्या म्हणलं, भावाकडं लक्ष ठेव. तू मान हलवलीस. समोरून सांगितलेलं तुला कळायचं. माघारून बोलावलेलं कळत न्हाई ह्ये मला दिसायचं, मीना. रोज दिसायचं. तुझी उशी पिवळी व्हायची. शाळेतल्या पोरी वास येतो म्हणून तुझ्याजवळ बसायच्या न्हाईत. म्या कानात गरम तेल ओतायचे, तू माझं मनगट चावायचीस, अन् मला वाटायचं औषध लागू पडून राह्यलं. हाकेला आली न्हाईस की तुझा बाप कानाखाली द्यायचा. त्याच कानाखाली.

पप्पू हौदात पडताना एकदाच ओरडला म्हणे. मच्छिंद्र भावजींनी बांधापलीकडून ऐकलं अन् पळत आले. ते आले तवा तू चिंच फोडत होतीस.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावकी बसली. भावजी म्हणले, मला बांधापलीकडून ऐकू आलं अन् हिला दहा पावलांवर आलं न्हाई? कुणी म्हणलं, पोरीला कमी ऐकू येत असंल. कुणी म्हणलं, मंग समोरासमोर जवाब कशी देते? तर ठरलं की बघू या. तुला ओसरीच्या फरशीवर बसवलं, तोंड भिंतीकडं करून. परात मागितली. तुझा बाप उठंना. मंग म्या उठले अन् तुझ्या मागं परात फरशीला टेकवून हाणली.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी आज लिव्हणार हाय. मला वाटत होतं, ही वळू दे.

तू वळलीस. वळून तू माझ्याकडं बघून हसलीस. तुला वाटलं आई खेळतीय.

सगळे म्हणले, झालं. ऐकू येतं. हिनं मुद्दाम केलं, भाऊ झाल्यापासून हिचे लाड कमी झाले म्हणून. नऊ वर्षांच्या लेकराबद्दल म्हणले. तिसऱ्या दिवशी तुला जालन्याला केशरमावशीकडं पोहोचवलं. माझी बहीण, तिला लेकरू न्हाई, तिथं शाळा चांगली, असं मी सगळ्यांना सांगितलं.

संभाजीनगरला परत गेलो तवा मॅडमनं माझे बी कान तपासले. दोन्ही उतरलेत, उजवा जास्त. तो दुपारचा आवाज त्याच्यामुळंच, म्हणल्या, कान कमी झाला की बऱ्याच लोकांना असं वाजतं, भूत न्हाई काही न्हाई. मला मशीन लावा म्हणल्या, आवाज बी कमी होईल. म्या म्हणलं, विचार करून सांगते. बाहेर आल्यावर वंदना म्हणली, विचार कसला करायचाय? तिला काय सांगू. चौतीस वर्षं ज्याची हाक मी ऐकली न्हाई तो आता रोज दुपारी येतो. मशीन लावून त्याला घालवून देऊ?

तुझ्या बापाच्या मातीला तू दारात उभी राह्यलीस. कुणी पाणी विचारलं न्हाई. तू तुझ्या त्या घोगऱ्या आवाजात मला विचारलंस, मावशीनं डॉक्टरचा कागद धाडल्ता, तो तुला मिळाल्ता का? मी मान हलवली, न्हाई म्हणून.

त्या मानेचं आज लिव्हणार होते. हात थांबला.

आई


३ मे २०२५

मीना, पत्र लांबलं. वाचायला बस.

परवा अक्षय तृतीया धरून धनश्रीचं जावळ केलं. वंदनाचा भाऊ आल्ता, त्याच्या मांडीवर बसवलं. न्हावी पोरीला घाबरत होता की पोरगी न्हाव्याला, कळंना. एवढं जावळ निघालं की कणकेच्या गोळ्यात मावंना. मंग अंघोळ, कान बाहेरून कोरडे पुसले, नवा झगा, अन् वंदनानं मशिनी लावल्या. अन् तवाच झालं. केसांत झाकल्या जायच्या त्या आता टकलावर दोन्हीकडं दिसायला लागल्या. आतापर्यंत भावकीत कुणाला धड ठाऊक नव्हतं. बाया वाकून वाकून बघायला लागल्या.

पंगत बसलेली. मच्छिंद्र भावजी पुरणाची पोळी मोडता मोडता म्हणले. त्यांना हळू बोलता येत न्हाई, त्यामुळं साऱ्या पंगतीनं ऐकलं.

"आत्यावर गेली पोरगी. त्या पायगुणानं एक लेकरू गेलं, आता ह्ये."

राधेश्याम वाढत होता. त्याच्या हातात भाताचं भगुणं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मीना, त्याला लहानपणापासून ह्येच सांगितलेलं हाय. त्याला वाटलं मी खाली बघेन, नेहमी बघते तशी.

म्या भावजींच्या पानासमोर जाऊन उभी राह्यले अन् म्हणले, मीनाला ऐकू येत नव्हतं, भावजी.

ते म्हणले, काय?

मी म्हणले, मीनाला ऐकू येत नव्हतं. तिनं काही केलं न्हाई.

त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हणून राह्यल्या? नीट बोला."

एकदा बोलायला मला चौतीस वर्षं लागली अन् देवानं ते तीनदा बोलायला लावलं. मंग म्या ओरडले. वेशीपर्यंत गेलं असंल. म्हणलं, तिचे दोन्ही पडदे फाटलेले होते. केशरनं डॉक्टरला दाखवलं, डॉक्टरचा कागद आल्ता, संगं केशरची चिठ्ठी होती, की पोरीला दहा पावलांवरचं ऐकू येणं शक्य न्हाई, अक्का, तिच्यावरचा डाग काढ. म्या वाचला. दोनदा वाचला. अन् चुलीत घातला. कुणाला सांगितलं न्हाई, मालकाला बी न्हाई. लेकरू बुडालं ते माझ्यामुळं. बहिऱ्या लेकरापाशी बाळ ठेवून मी गेल्ते.

भावजींना ह्या वेळी ऐकू गेलं. त्यांनी हातातला घास पानात ठेवला अन् मान वर केली न्हाई. अन् धनश्री मोठ्यानं हसली. तिनं माझा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता, तिला गंमत वाटली. टाळ्या वाजवायला लागली. पंगतीत तिचाच आवाज.

राधेश्यामनं भगुणं तिथंच ठेवलं. तो माझ्याशी बोललेला न्हाई. परवापासून एक शब्द न्हाई. वंदना बोलती, पण पोरगी माझ्याकडं देताना आता जरा थांबती. मला दिसतं ते. बरोबर हाय तिचं.

तू मला विचारल्तंस त्याचा हा जवाब. कागद मिळाल्ता.

आई


२६ मे २०२५

मीना,

राधेश्याम परवाच्या दिवशी न सांगता गेला. वंदना म्हणली कामाला गेलेत. काल तिचा मोबाइल वाजला, चित्र दिसणारा फोन, अन् ती म्हणली, आई, इकडं या. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे. बघते तर राधेश्याम, त्याच्या मागं पिवळी भिंत, कॅलेंडर. मी विचारलं कुठं हायेस रे? त्यानं मोबाइल फिरवला.

तू दिसली न्हाईस आधी. कागद दिसला. तू वहीचं पान मोबाइलसमोर धरलं होतंस, मोठ्या अक्षरात लिव्हलेलं. वंदना वाचून दाखवायला लागली, म्या तिला गप केलं. म्हणलं, मला लिव्हलंय, मी वाचते. तुला ठाऊक हाय मी एकेक अक्षर लावून वाचते. वाचायला लई वेळ लागला. तू कागदाला दुसरा हात बी लावलास, पण तो खाली घेतला न्हाईस. मी शेवटच्या अक्षरापर्यंत जाईपर्यंत धरून राह्यलीस.

"कागद वाचल्यावर मला घरी का आणलं नाही?"

मंग कागद खाली गेला अन् तू दिसलीस. केस पांढरे झालेत तुझे, पुढून. मी तोंड उघडलं, पण इथून बोललेलं तुला कळणार न्हाई, अन् तुमची हातांची भाषा मला येत न्हाई. एक खूण बी न्हाई. चौतीस वर्षांत म्या एक खूण शिकले न्हाई. तेवढ्यात चित्र थांबलं, रेंज गेली.

राधेश्याम सकाळी आला. तुझ्या घरी माझी पाचही पत्रं हायेत म्हणला, फोडलेली. दोन दिवसांत तू त्याला बोटांनी दहा शब्द शिकवलेस, ते तो आता वंदनाला अन् पोरीला शिकवून राह्यला. मला शिकवत न्हाई अजून. मी भाकरी करता करता बघून घेते. पाणी येतं मला आता. दूध बी.

कानाला मशीन घेतली म्या. पप्पूचा आवाज बारीक झाला, गेला न्हाई. बरं झालं.

आता तुझा जवाब. रातभर काय लिव्हावं ह्याचा विचार केला न्हाई, कारण ते मला आधीच ठाऊक होतं.

तू घरी आली असतीस तर मला रोज तुझ्याकडं बघावं लागलं असतं. तू लांब होतीस तोवर पप्पूला तू मारलं होतंस. तू घरी आली असतीस, दारात बसली असतीस, मी माघारून हाक मारली असती अन् तू वळली नसतीस, तर रोज सगळ्यांना दिसलं असतं की पप्पूला म्या मारलं. मला ते झेपलं नसतं. म्हणून तुला तिथं राहू दिलं. दुसरं काही कारण न्हाई. तुझी शाळा, मावशीची माया, ह्ये जे मी लोकांना सांगत आले, ते सगळं खोटं.

तू ये म्हणून मी लिव्हत न्हाई. वंदनाला तू यावी असं वाटतं, धनश्रीला काय पाहिजे ते तुझ्याइतकं ह्या घरात कुणालाच कळणार न्हाई म्हणून. ते तिचं तिच्यापाशी, ती तुला लिव्हील. माझ्यासाठी येऊ नको.

पण तू मला काहीतरी विचारलंस. अजून विचारायचं असलं तर असाच कागद धर. मला वेळ लागतो, पण मी सगळं वाचते.

आई